साहेब बदलले, फाईल सापडली!

कारकुनाची बदली झाली की त्याच्या डोक्यातली माहितीही त्याच्याबरोबर जाते. ती जाऊ नये म्हणून कंपन्या 'नॉलेज मॅनेजमेंट'ची महागडी सॉफ्टवेअरं घेतात. अहिल्यानगर जिल्ह्यानं मात्र रुमाल, पर्जन्यमापक आणि मडक्यांवर भागवलंय!

कचेरीची झाडाझडती : 1980च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी नगरच्या कलेक्टर कचेरीतलं दफ्तर शिस्तीला लावलं. कागदांची वर्गवारी झाली, हवी ती फाईल पटकन हाती लागू लागली आणि 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. सरकारी अभिलेख कक्षात लाल रुमालात बांधलेला 'अ' वर्गाचा गठ्ठा कायम जपायचा. पांढऱ्या रुमालातल्या 'ड' वर्गाचं आयुष्य वर्षभराचं. गाठ न सोडताच कळतं, काय ठेवायचं नि काय रद्दीत घालायचं.

नव्या बाबूचा तारणहार : सरकारी टेबलावरच्या सहा गठ्ठ्यांपैकी एक असतो स्थायी आदेशांचा. त्या टेबलाच्या कामाबद्दलचे शासन निर्णय, परिपत्रकं सगळं एका जागी. आधीच्या बाबूला फोन लावायची गरजच नाही!

शेजारच्या खोलीतले तज्ज्ञ : नेहरूंनी 1944 मध्ये नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' पाच महिन्यांत लिहिलं. मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली असे जाणकार सोबतच कैदेत होते. त्यांच्याशी झालेल्या चर्चांचा उपयोग झाला म्हणून प्रस्तावनेत त्यांचे आभार आहेत.

पाटीविना शाळा : डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या, अनेकदा निरक्षर आरोग्यसेविका प्रकल्पावर जमायच्या, नवं शिकायच्या आणि आपापल्या गावचे अनुभव एकमेकींना सांगायच्या. एकीला आलेली अडचण अशी सगळ्यांचा धडा व्हायची. आरोळे दाम्पत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पाण्याचा ताळेबंद : हिवरे बाजार गावात पाऊस मोजतात, विहिरींची पातळी पाहतात आणि ग्रामसभेत हिशेब मांडतात. पाणी किती उरलं त्यावर पिकं ठरतात. आकडे सगळ्यांसमोर असल्यानं वादाला जागाच कमी.

दामदुप्पट बियाणं : अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांच्या बीजबँकेत गावरान वाण मडक्यांत जपलेत. बियाणं न्यायचं आणि पीक आलं की दुप्पट परत करायचं, असा रिवाज. त्यामुळे वाण एका घरात अडकत नाही, गावोगाव पसरतो. राहीबाई आणि हिवरे बाजारचे पोपटराव पवार, दोघांचीही नावं 2020च्या पद्मश्रींच्या यादीत होती. एकाच जिल्ह्यातून, एकाच वर्षी!