नकाशावरची नावे कोण ठेवतो?

इतिहास वेगळा घडला असता तर? या एका प्रश्नावर कादंबऱ्यांचा एक प्रकारच उभा आहे. अमेरिकन लेखक किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘द इयर्स ऑफ राइस अँड सॉल्ट’ (२००२) या कादंबरीत चौदाव्या शतकातल्या प्लेगने जवळजवळ सारा युरोप ओस पडतो. मग तिथे मुसलमान जाऊन वसतात आणि अमेरिकेच्या किनाऱ्याला चिनी जहाजे लागतात.

या जगात युरोपचे नाव आहे ‘फिरंजा’. आपल्या ‘फिरंगी’ शब्दाचे मूळही तेच. उत्तर अमेरिका होते ‘यिंगझोऊ’. चिनी दंतकथांतल्या पूर्व समुद्रातील बेटाचे हे नाव. ते पटते, कारण खरी माणसेही असेच करतात. कॅलिफोर्निया हे नाव एका स्पॅनिश अद्भुतकथेतल्या बेटावरून आले आहे.

प्रत्येक समाजाची नावे ठेवण्याची रीत वेगळी. युरोपियनांनी ‘न्यू’ लावून मायदेशाची गावे परदेशात नेली, राजांची नावे दिली. फिलिपाइन्स हे स्पेनच्या फिलिपचे नाव. अंदलुसमध्ये अरबांनी जुन्या शहरांची नावे बहुधा आपल्या उच्चारात ठेवली. रोमनांचे कोर्दुबा ‘कुर्तुबा’ झाले. मोठ्या नदीला मात्र ‘अल्-वादी अल्-कबीर’ म्हटले. तीच आजची ग्वाडलक्विव्हिर. तारिक बिन झियाद ७११ मध्ये उतरले, तो डोंगर ‘जबल तारिक’, म्हणजे जिब्राल्टर. म्हणून अंदलुसची जहाजे अमेरिकेला पोहोचली, अशी गोष्ट लिहिताना सगळीकडे ‘नवे कुर्तुबा’ लिहिले, तर ती युरोपचीच नक्कल वाटेल.

पण याहून मोठा प्रश्न आहे. त्या किनाऱ्यावर आधीपासून राहणारे लोक आपल्या गावाला काय म्हणत होते? डचांनी १६१९ मध्ये जयकर्ता हे मुस्लिम शहर जिंकून जाळले आणि त्या जागी ‘बटाव्हिया’ वसवले. जुने नाव ‘जकार्ता’ या रूपात परतायला १९४२ साल उजाडले. जे आपल्यावर झाले ते आपल्याला खुपते. मग कल्पनेत आपली जहाजे पुढे निघाली, की दुसऱ्याचे नाव पुसताना आपला हात का थांबत नाही?

सुट्टीत मुलांना असा काल्पनिक नकाशा जरूर काढू द्या. नावे सुचली की एवढेच विचारा: “इथे आधी कोण राहत होते? ते या जागेला काय म्हणायचे?” इतिहास शिकण्याची सुरुवात याच प्रश्नांपासून होते.