आठ जणांचा खेळ आणि रात्रीची गाडी



सुट्टी लागली की आपल्यापैकी बरीच मंडळी इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईकडे आजोळी जातात. गाडी सुटल्यापासून अंथरूण घालेपर्यंत चार-पाच तास हाताशी असतात. स्लीपर डब्याच्या एका खणात बर्थ ८. तेवढ्याच जणांचा एक खेळ घरून तयार करून नेता येईल.

राजा-मंत्री-चोर-शिपाई (आपल्याकडे हिंदीच्या सहवासाने 'सिपाही') आपण सर्वच खेळलो आहोत. पण त्यात एकाने बोट दाखविले की डाव संपतो, बाकीचे नुसते बघतात. १९८६ मध्ये मॉस्को विद्यापीठातील मानसशास्त्राचा विद्यार्थी दिमित्री डाविडॉफ याने 'माफिया' नावाचा खेळ रचला. त्यात दोषी थोडे, पण ते एकमेकांना ओळखतात. निर्दोष पुष्कळ, पण त्यांना काहीच ठाऊक नसते. हाच खेळ आपण आपल्या चिठ्ठ्यांवर बसवू.

जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे ७ सारखे तुकडे कापा. साध्या कागदातून शाई मागे दिसते. दोनांवर 'चोर', एकावर 'शिपाई', चारांवर 'गावकरी' लिहा. आठवा जण सूत्रधार.

दिवसा सर्वांनी चर्चा करून बहुमताने एकाला गावाबाहेर काढायचे. त्याने चिठ्ठी दाखवायची. मते समान पडली तर त्या दोघांतच पुन्हा मतदान. मग सूत्रधार 'रात्र झाली' म्हणतो, सर्व डोळे मिटतात. चोर डोळे उघडून खुणेने एक घर लुटतात. लुटला गेलेला सकाळी बाद. चोरांनी डोळे मिटले की शिपाई एकाकडे बोट दाखवतो आणि तो चोर आहे की नाही ते सूत्रधार मान हलवून सांगतो. घरी खेळताना कपड्यांच्या सळसळीवरून चोर पकडले जातात, गाडीत मात्र रुळांचा खडखडाट सारे झाकतो! दोन्ही चोर निघाले की गाव जिंकले. चोर आणि बाकीचे समसमान झाले की चोर जिंकले.

सुरुवात मात्र दिवसानेच करा. शिपाई नाही आणि मतदान निव्वळ नशिबावर आहे असे धरले, तर रात्रीने सुरू केल्यास गाव १२ पैकी एकदाच जिंकते. दिवसाने सुरू केल्यास १०५ पैकी २४ वेळा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. हे गणित संभाव्यतेचे आहे, दहावीच्या विद्यार्थ्यांनी करून पाहावे.

आता ज्यासाठी मी हे लिहावयास घेतले ते. या खेळात पहिला बळी बहुधा गप्प बसणारा मुलगा किंवा नवीन आलेली मुलगी ठरते. कारण विचारले तर उत्तर येते, "तो बोलतच नाही." चिठ्ठी उघडते तेव्हा तो गावकरी निघतो आणि गावाचा एक माणूस कमी होतो. म्हणून आपला एक नियम: आरोप करणाऱ्याने याच डावात पाहिलेले किंवा ऐकलेले कारण सांगितले पाहिजे. "काल यालाच मत द्यायला तू घाबरलास" हे चालेल. "तू नेहमीच खोटं बोलतोस" हे चालणार नाही. आणि ज्याच्यावर आरोप, त्याला मतदानापूर्वी बोलू द्यायचे, सर्वांनी ऐकायचे. बाद झालेल्यांनी सूत्रधाराजवळ बसून मते मोजावीत, नाहीतर लहान मुले कंटाळून डब्याच्या दाराशी जातात. रात्री १० नंतर खेळ बंद, सहप्रवाशांना झोपायचे असते.

मांडूच्या सहलीला बसने जाताना हे जमत नाही. सर्वांची तोंडे एकाच दिशेला. तिथे सहा चिठ्ठ्यांवर 'पोहे' लिहा आणि एकीवर 'साबुदाण्याची खिचडी'. प्रत्येकाने आपल्या पदार्थाविषयी एकेक वाक्य सांगायचे आणि वेगळी चिठ्ठी कोणाची ते ओळखायचे. "वर शेव घालतात" म्हणणारा हुशार. "उपासाला चालते" म्हणणारा लगेच सापडला!