उशा किती लागतात?

हृदयाच्या दुर्बलतेची शंका आली की वृद्ध रुग्णाला मी एक प्रश्न आवर्जून विचारतो : “रात्री झोपताना उशा किती लागतात?” रुग्णाला तो अप्रस्तुत वाटतो. उत्तर बहुधा पत्नी किंवा सूनबाई देतात : “पूर्वी एक पुरायची, आता तीन घेतात. आडवे झाले की दम लागतो. वयोमानाने होतेच ना?” वाचकहो, हे केवळ वयोमानाने होत नाही. ते का होते, हे हृदयाची रचना पाहिली की उमगते.

आपल्या मुठीएवढे हृदय छातीच्या मध्यभागी, किंचित डावीकडे कललेले असते. त्याचे कप्पे चार : वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. कार्याच्या दृष्टीने मात्र हे शेजारी-शेजारी चालणारे दोन पंप होत. उजवा पंप शरीरातून परतलेले रक्त फुप्फुसांकडे धाडतो. डावा पंप तेथून प्राणवायू घेऊन आलेले रक्त महारोहिणीवाटे सर्वांगास पुरवतो. चार झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. दिवसाकाठी सुमारे १ लाख ठोके पडतात आणि विश्रांतीतही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलले जाते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर हा स्नायू दुबळा होतो, तर दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने तो जाड व ताठर होतो. डावी बाजू थकली की रक्त फुप्फुसांत तुंबते. दिवसभर पायांत साठलेला द्रव आडवे होताच छातीकडे परततो, म्हणून श्वास कोंडतो आणि उशा वाढतात. उजवी बाजू थकली की पायांवर सूज येते. नडगीवर बोटाने दाबल्यास खळगा राहतो. अशी सूज मूत्रपिंडाच्या विकाराने वा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही येते. म्हणून निदान डॉक्टरांवर सोपवावे.

हृदयाच्या दुर्बलतेचे निदान झाले असेल, तर रोज सकाळी शौचानंतर, न्याहारीपूर्वी वजन करून वहीत टिपावे. ३ दिवसांत २ किलोहून अधिक वाढ झाली, तर ती अन्नाची नव्हे, साठलेल्या पाण्याची समजावी व त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लोणचे, पापड व वरून घेतलेले मीठ टाळावे. वारंवार लघवीला जावे लागते म्हणून लघवीच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. प्रवासाच्या दिवशी त्यांची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

छातीत दडपण, बसूनही न थांबणारा दम वा शुद्ध हरपणे, असे काही घडल्यास सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आज रात्री अंथरूण घालताना आपल्या घरातील ज्येष्ठांच्या उशा अवश्य मोजा. वाढल्या असतील, तर तो आकडा आम्हा डॉक्टरांपर्यंत पोहोचवा.