पाण्यात म्हैस आणि वर मोल

गुरांचा बाजार तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बैल घ्यावयास आलेला शेतकरी आल्याबरोबर पैसे मोजीत नाही. तो प्रथम बैलाभोवती एक फेरी घालतो. मग त्याचा जबडा उघडून दात पाहतो. कारण दातांवरून जनावराचे वय कळते. तो खूर तपासतो, पाठीवरून हात फिरवितो, बैलाला दहा पावले चालवून पाहतो. एवढे झाल्यावर भाव ठरतो आणि मगच इसाराची रक्कम विकणाऱ्याच्या हातावर पडते. न पाहिलेल्या जनावराचा सौदा करणाऱ्यास आपले वाडवडील हसत आणि म्हणत, ‘पाण्यात म्हैस आणि वर मोल!’ पाण्यात बसलेल्या म्हशीची शिंगे तेवढी दिसतात. ती लंगडी आहे की धडधाकट, हे काठावरच्या माणसास कसे कळावे?

हल्ली एक नवा बाजार मोबाइलच्या पडद्यावर भरू लागला आहे. कुत्र्यांची पिले, मांजरे, पक्षी, रंगीत मासे यांची चित्रे तेथे दिसतात. खाली किंमत लिहिलेली असते. या बाजारात प्रामाणिक विक्रेतेही असतात, यात शंका नाही. परंतु येथील प्रत्येक म्हैस पाण्यातच बसलेली असते, आणि कित्येकदा तर पाण्यात म्हैसच नसते!

माझ्या शेजारी सातवीत शिकणारा एक मुलगा राहतो. त्याला कुत्रा पाळण्याची फार हौस. एके दिवशी आईच्या मोबाइलवर त्याने लॅब्रॅडॉर जातीच्या एका गोजिरवाण्या पिलाचे चित्र पाहिले. विक्रेत्याने लिहिले होते, “मी बंगळूरला राहतो. माझी बदली परदेशी झाली आहे. पिलाला मायेचे घर मिळावे, एवढीच इच्छा. किंमत नको, विमानाचे भाडे म्हणून दोन हजार रुपये पाठवा. मात्र आजच कळवा, दुसरेही लोक विचारीत आहेत.” किराणा दुकानात आईच्या सांगण्यावरून पैसे देण्याची मुलाला सवय होती, त्यामुळे पिन क्रमांक त्याला पाठ होता. त्याने कोणासही न विचारता पैसे पाठविले.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, “पिंजऱ्याची अनामत तीन हजार रुपये भरा, ती परत मिळेल.” त्याने तीही भरली. तिसऱ्या दिवशी पुन्हा निरोप आला, “पिलू विमानतळावर अडकले आहे. लसीच्या दाखल्याचे दीड हजार रुपये भरल्यावाचून सोडणार नाहीत. बिचारे कालपासून उपाशी आहे.” मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने तेही पैसे पाठविले. त्यानंतर तो क्रमांक कायमचा बंद झाला. इकडे मुलाने एका टोपलीत जुनी घोंगडी अंथरून ठेवली होती आणि पिलाचे नावही ठरविले होते! परंतु ते पिलू बंगळूरला नव्हते, विमानतळावरही नव्हते. ते फक्त चित्रात होते.

या लबाडीची रचना आपण नीट समजून घेतली पाहिजे. तिच्यात पहिले असते ते आमिष. मोलाची वस्तू फुकट किंवा अगदी स्वस्त मिळणार असे दाखविले म्हणजे मनुष्य भुलतो. दुसरी असते घाई. विचार करण्यास किंवा वडीलधाऱ्यांस विचारण्यास वेळच मिळू नये, हा तिचा हेतू. तिसरी, आणि सर्वांत वाईट, गोष्ट म्हणजे आपल्या दयेचाच फास करून तो आपल्या गळ्यात अडकविणे. शिवाय दर वेळी मागितलेली रक्कम लहान असते. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून मनुष्य पुढचे देतो आणि अधिकच बुडतो.

मग सावध कसे राहावे? पहिला नियम शेतकऱ्याचाच: प्राणी डोळ्यांनी पाहिल्यावाचून इसारही देऊ नये. घरातील मोठ्या माणसांबरोबर जाऊन पिलू पाहावे. शक्य असेल तर त्याची आईही पाहावी. विक्रेता दूर असेल, तर मोबाइलवर समोरासमोर बोलून पिलू दाखविण्यास सांगावे. जो नाना सबबी सांगून टाळतो, त्याच्यापासून दूर राहावे. मात्र आता यंत्रांच्या साहाय्याने खोटी चलच्चित्रेही बनविता येतात. म्हणून प्रत्यक्ष पाहणे हेच खरे. जाहिरातीतील चित्र इंटरनेटवर शोधून पाहण्याचीही सोय आहे. तेच चित्र निरनिराळ्या शहरांतील जाहिरातींत आढळले, तर ते उसने आणले आहे असे समजावे.

दुसरा नियम कागदपत्रांचा. कुत्र्यांची पैदास व विक्री यांविषयी केंद्र सरकारने 2017 साली नियम केले आहेत. त्यांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांहून लहान पिलू विकता येत नाही. तेव्हा नोंदणी क्रमांक आणि लसीकरणाचे पुस्तक यांची मागणी करावी. पुस्तकावर तारीख व पशुवैद्याची सही आहे की नाही ते पाहावे, आणि त्या पशुवैद्याच्या दवाखान्यात स्वतः चौकशी करावी.

तिसरा नियम पैशांचा. आपला पिन क्रमांक पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. “अनामत परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका,” असे कोणी म्हणाला, तर तो देणारा नसून घेणारा आहे, हे पक्के ओळखावे.

आणखी एक गोष्ट. आपला हिरवा पोपट किंवा पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले कासव यांची विक्री करणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. असे प्राणी विकावयास ठेवणारा विक्रेता ते खरोखर आणून देत असला, तरीही त्याच्याकडून घेऊ नयेत. रानातल्या जीवाचे घर रान हेच असते.

इतके करूनही फसगत झालीच तर? तर त्याच क्षणी घरी सांगावे आणि 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाईपर्यंत ते बँकेला अडविता येण्याचा संभव असतो. एकदा काढून घेतले की हाती येणे कठीण. आलेले निरोप, क्रमांक व पैसे दिल्याची नोंद पुसून टाकू नये. तोच पुरावा होय.

माझ्या शेजारच्या मुलाची खरी चूक येथे झाली. आई रागावेल या भीतीने तो चार दिवस गप्प राहिला. अखेर बँकेचा हिशेब पाहताना आईलाच ते कळले. ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, “बाळा, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलेस?” पैसे गेले ते परत आले नाहीत. मुलांनो, लाज फसविणाऱ्याला वाटली पाहिजे, फसलेल्याने तोंड लपविण्याचे कारण नाही. चूक सांगण्यास जितका उशीर होतो, तितका चोरास पळावयास वेळ मिळतो.

त्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतील पिठाच्या गिरणीमागे एका कुत्रीने चार पिले दिली. मुलगा रोज जाऊन ती पाहत असे. पण आठ आठवडे होईपर्यंत त्याने एकही उचलले नाही. मग आईला बरोबर घेऊन त्याने त्यांतले तांबूस पिलू घरी आणले आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन त्याला लस टोचविली. जुनी घोंगडी अंथरलेली ती टोपली तशीच ठेवलेली होती. आज तीत एक खरेखुरे पिलू झोपते.