गोसीखुर्द जलाशय आणि महाविद्यालयीन पर्यावरण शिक्षण : क्षेत्रकार्याचा पुनर्विचार

प्रस्तावना

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले. २००३ मधील आदेशानंतर या निर्देशांना गती मिळाली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीच्या सर्व शाखांसाठी आला. त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी होते. त्यासाठी वेळ मात्र ५० पैकी केवळ ५ तासिकांचा होता. एवढ्या वेळात एखादी सहल आणि जुन्या फायलीवरून उतरवलेला अहवाल यापलीकडे फारसे काही घडणे कठीणच होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आयोगाने २०२३ मध्ये नवी चौकट जाहीर केली असली, तरी क्षेत्रकार्य कशासाठी, हा प्रश्न कायम आहे. प्रस्तुत लेखात गोसीखुर्द जलाशयाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

गोसीखुर्द : अभ्यासक्रमाचे प्रत्यक्ष रूप

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यात वैनगंगेवर उभारलेल्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. ११ किलोमीटरहून अधिक लांबी, ३३ दरवाजे आणि भंडारा, नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील सुमारे अडीच लाख हेक्टर सिंचनाचे उद्दिष्ट अशी त्याची व्याप्ती आहे. धरणांचे लाभ व दुष्परिणाम, विस्थापितांचे पुनर्वसन, जलप्रदूषण आणि नदीची परिसंस्था हे अभ्यासक्रमात वेगवेगळ्या घटकांत विखुरलेले विषय येथे एकाच परिसरात एकत्र येतात. धानाच्या शेतीला पाण्याची आशा देणाऱ्या याच जलाशयाने अनेक गावांना स्थलांतर करावयास लावले.

यातील सर्वांत बोधप्रद बाब म्हणजे पाण्याचा प्रवास होय. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीत, कन्हानमधून वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात पोहोचते. वाहत्या पाण्यात सेंद्रिय घाण काही अंशी विरते व विघटित होते. पाणी अडले की ही क्रिया मंदावते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदामुळे शैवाल आणि जलपर्णी फोफावतात, ती कुजताना पाण्यातील विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो आणि माशांचे जीवन धोक्यात येते. नागपूर शहर आणि पवनी तालुका या दोन्ही ठिकाणची महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्याच कार्यक्षेत्रात आहेत. म्हणजे सांडपाणी निर्माण होते तेथील आणि ते साचते तेथील विद्यार्थी एकाच विद्यापीठाचे आहेत. तरीही ते एकच पाणी दोन टोकांवरून अभ्यासले जाण्याची व्यवस्था अभ्यासक्रम आपोआप करीत नाही.

संशोधन : साधे, परंतु सातत्यपूर्ण

यासाठी महागड्या उपकरणांची गरज नाही. विरघळलेल्या प्राणवायूचे मापन विंकलर पद्धतीने रसायनशास्त्राच्या कोणत्याही पदवी प्रयोगशाळेत करता येते. मात्र नमुन्यात मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड काठावरच मिसळणे आवश्यक आहे. अन्यथा वाटेत प्राणवायूचे प्रमाण बदलते. मापनाची वेळही निश्चित हवी. दिवसा शैवाल प्राणवायू सोडते आणि रात्री तो वापरते. त्यामुळे पहाटेचा व दुपारचा नमुना यांची सरळ तुलना करता येत नाही.

इतर शाखांचा वाटाही तितकाच मोलाचा आहे. अर्थशास्त्र विभागाला पुनर्वसित कुटुंबांच्या उपजीविकेचा, तर मराठी विभागाला बुडालेल्या शिवारांच्या नावांचा व आठवणींचा संग्रह करता येईल. रोहू, कटला यांसारखे मासे पावसाळ्यातील चढत्या, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. धरणानंतर हे चक्र कसे बदलले, याचे ज्ञान ढिवर समाजातील जाणत्यांकडे आहे. त्यांची नोंद माहितीदाते म्हणून नव्हे, तर जाणकार म्हणून व्हावयास हवी.

एका वर्षाचा अहवाल गुणांपुरता ठरतो. त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने दहा वर्षे केलेली नोंद मात्र दस्तऐवज बनते. नाग नदीच्या शुद्धीकरणाचे प्रयत्न यशस्वी झाले की नाही, हे आधीच्या नोंदींशिवाय कसे ठरविणार? अशा नोंदींना शासकीय तपासणीचे स्थान मिळणार नाही. पण काही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पडताळून घेतल्यास त्यांची विश्वासार्हता निश्चितच वाढेल.

सार्वजनिक कार्यक्रम

पर्यावरण दिन ५ जूनला येतो. त्या सुमारास महाविद्यालयांना उन्हाळी सुटी असते आणि शेतकरी खरिपाच्या तयारीत असतो. त्यामुळे हा कार्यक्रम सहसा वृक्षारोपण व छायाचित्र यांपुरता उरतो. त्याऐवजी २ फेब्रुवारीचा पाणथळ भूमी दिन हिवाळी पक्ष्यांच्या गणनेसाठी आणि २२ मार्चचा जल दिन वर्षभरातील नोंदी काठावरील ग्रामसभेत मांडण्यासाठी योजता येईल. धरणाच्या पायाभरणीची तारीख, २२ एप्रिल, हीच जागतिक वसुंधरा दिनाचीही तारीख आहे. त्या दिवशी नागपूर व पवनी येथील विद्यार्थ्यांनी आपापल्या टोकाच्या नोंदी एकमेकांसमोर ठेवल्या, तर उत्सवाला अर्थ प्राप्त होईल.

समारोप

अध्यापन, संशोधन आणि लोककार्यक्रम ही तीन स्वतंत्र कामे मानली की तिन्हींचा भार वाढतो. एका जलाशयाभोवती ती गुंफली की प्रत्येक काम दुसऱ्यास आधार देते. त्यासाठी निवडक ठिकाणे, ठरलेली पद्धत, विभागात जपलेली नोंदवही आणि प्राध्यापक बदलले तरी न खंडणारा क्रम एवढेच पुरेसे आहे. ज्या गावांनी प्रकल्पासाठी जमीन दिली, त्यांना पाण्याविषयीची माहिती त्यांच्या भाषेत परत मिळणे, हे क्षेत्रकार्याच्या २५ गुणांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे.