वर्गणीतून परतलेला खेळाडू

मुलगा खेळात चमकू लागला की व्यापारी घरात एक प्रश्न हमखास विचारला जातो : पाय थकल्यावर पुढे काय? प्रश्न रास्तच आहे. फुटबॉलपटूची मिळकत बहुधा पस्तिशीच्या आत संपते. खालच्या श्रेणीत खेळणाऱ्याची तर मुळातच बेताची असते. इंग्लंडच्या एडी हाऊ यांच्यापुढे हा प्रश्न अवघ्या चोविसाव्या वर्षी उभा राहिला.

दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ या छोट्या क्लबचे ते बचावपटू. 2002 मध्ये पोर्ट्समथने चार लाख पौंड मोजून त्यांना घेतले. परंतु गुडघा दुखावला आणि दोन वर्षांत त्या संघाकडून ते केवळ दोन सामने खेळू शकले. मोडका माल परत कोण घेणार? बोर्नमथने घेतला. क्लबकडे पैसा नव्हता, तेव्हा चाहत्यांनीच थोड्या दिवसांत सुमारे 21 हजार पौंड वर्गणी जमवून 2004 मध्ये त्यांना परत आणले.

गुडघ्याने मात्र साथ दिली नाही. 2006 च्या अखेरीस राखीव संघाचे खेळाडू-प्रशिक्षक ही जोडजबाबदारी त्यांच्याकडे आली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, खेळणे थांबले. गल्ल्यावर बसण्यापूर्वी गोदामात राबावे, तसाच हा काळ. त्यातही 2008 मध्ये मुख्य प्रशिक्षकांना काढले तेव्हा हाऊ यांचीही नोकरी गेली. नव्या प्रशिक्षकांनी त्यांना युवा खेळाडूंना शिकवण्यासाठी पुन्हा बोलावले. हे पद खालचे. तरी त्यांनी ते स्वीकारले.

31 डिसेंबर 2008 रोजी तेही मुख्य प्रशिक्षक गेले आणि एकतिशीतील हाऊ यांच्या हाती संघ आला. आपल्या वाचकांना ती अवस्था हिशेबाच्या भाषेत चटकन कळेल. क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेला होता. दंड म्हणून हंगामाच्या आरंभीच त्याच्या खात्यातून 17 गुण वजा झाले होते. विजयाला तीन गुण मिळतात. म्हणजे जवळजवळ सहा विजय केवळ जुने देणे फेडण्यात जाणार! सुरक्षित स्थान दहा गुण दूर होते. चौथ्या श्रेणीतून घसरण झाली असती, तर फुटबॉल लीगमधील स्थानच गेले असते. पहिले दोन्ही सामने हाऊ हरले.

या वेळी त्यांनी काय केले, हे मला विशेष लक्षणीय वाटते. जेसन टिंडल या जुन्या सहकाऱ्याला त्यांनी सहायक नेमले. ही भागीदारी पुढे, मधला थोडा काळ वगळता, टिकून राहिली. क्लब सोडून गेलेल्या छत्तीस वर्षांच्या स्टीव्ह फ्लेचर या आघाडीपटूलाही त्यांनी परत आणले. उतारवयातील खेळाडूवर भिस्त ठेवण्यात धोका होताच. पण ज्याला चाहत्यांनी मोडक्या गुडघ्यासह परत घेतले, त्याने वयाकडे पाहून माणूस नाकारला असता तरच नवल!

25 एप्रिल 2009. घरच्या मैदानावर ग्रिम्सबीविरुद्ध हंगामातील शेवटून दुसरा सामना. बोर्नमथ एका गोलने मागे पडला, मग बरोबरी झाली आणि सामना उतरणीला लागला असता फ्लेचर यांनीच निर्णायक गोल मारला. क्लब वाचला.

पुढचे सर्वश्रुत आहे. नवे खेळाडू घेण्यावर निर्बंध असतानाही 2010 मध्ये बढती मिळाली. मध्यंतरी हाऊ बर्नली संघाकडे गेले, परंतु कौटुंबिक कारणांनी 2012 मध्ये परतले. 2013 मध्ये पुन्हा बढती झाली आणि 2015 मध्ये जेमतेम अकरा हजार आसनांच्या मैदानावरचा तो क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. पाच हंगामांनंतर, 2020 मध्ये, संघ घसरला आणि हाऊ यांनी पद सोडले. वर्षभराहून अधिक काळ ते कोठेही रुजू झाले नाहीत.

2021 च्या नोव्हेंबरात न्यूकॅसलने त्यांना बोलावले. मार्च 2025 मध्ये वेम्ब्ली येथे लिव्हरपूलला 2-1 असे नमवून त्या संघाने लीग चषक जिंकला. 1955 नंतर न्यूकॅसलला मिळालेला तो पहिलाच मोठा देशांतर्गत चषक होता. त्या दिवशीही टिंडल त्यांच्यासोबत होते.