कर्मचारी प्रतिनिधित्व, विद्यापीठीय
विद्यापीठाच्या सेवेतील अध्यापकेतर कर्मचाऱ्यांनी आपल्या सेवाशर्ती, कामाची परिस्थिती व संस्थेचे आर्थिक निर्णय यांविषयीचे म्हणणे निवडून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत प्रशासनापुढे मांडण्याची व्यवस्था. लेखनिक, ग्रंथालय व प्रयोगशाळा साहाय्यक, तंत्रज्ञ, सुतार, वीजतंत्री, सफाई व भोजनगृह कर्मचारी त्याचप्रमाणे कनिष्ठ व मध्यम स्तरांवरील प्रशासकीय अधिकारी यांचा या वर्गात समावेश होतो. अशा प्रतिनिधित्वाचे स्थूलमानाने दोन प्रकार आढळतात : (१) सौदाधिष्ठित प्रतिनिधित्व. यात मान्यताप्राप्त कामगार संघटना प्रशासनाशी वाटाघाटी करते व होणारा करार उभय पक्षांवर बंधनकारक असतो. (२) सल्लागार प्रतिनिधित्व. यात कर्मचाऱ्यांची निर्वाचित परिषद वा मंच ठराव करतो, शिफारशी करतो व प्रशासनाला माहिती विचारतो. मात्र त्याचा सल्ला प्रशासनावर बंधनकारक नसतो. सुस्थितीच्या काळात या दोहोंतील अंतर फारसे जाणवत नाही. अर्थसंकल्पावर ताण आला म्हणजे ते उघड होते. कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवेचा प्रश्नही अशाच काळात प्रतिनिधित्वाच्या प्रश्नाशी जोडला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राज्य विद्यापीठांत, विशेषतः नॉर्थ कॅरोलायना राज्यात, या तिन्ही प्रश्नांचा परस्परसंबंध स्पष्टपणे दिसून येतो.

पार्श्वभूमी : अमेरिकेतील विद्यापीठांच्या कारभारात अध्यापकांना मिळालेले स्थान जुने आहे. अमेरिकन विद्यापीठ अध्यापकांची राष्ट्रीय संघटना १९१५ मध्ये स्थापन झाली. या संघटनेने विद्यापीठप्रमुखांच्या व विश्वस्त मंडळांच्या राष्ट्रीय संस्थांबरोबर १९६६ मध्ये विद्यापीठांच्या शासनाविषयी एक संयुक्त निवेदन तयार केले. त्यात विश्वस्त मंडळ, अध्यक्ष व अध्यापकवर्ग यांच्या जबाबदाऱ्यांची वाटणी केलेली होती. अध्यापकेतर कर्मचाऱ्यांना मात्र तीत स्वतंत्र स्थान नव्हते. संख्येने मोठा असलेला हा वर्ग अशा रीतीने दीर्घकाळ ‘सहशासना’च्या कल्पनेबाहेर राहिला.

राष्ट्रीय कामगार संबंध अधिनियम (१९३५) खाजगी मालकांना लागू होतो. राज्य सरकारे व त्यांच्या संस्था त्यातून वगळलेल्या आहेत. यामुळे राज्य विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांचे सामूहिक सौद्याचे हक्क त्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहिले व त्यांत मोठी तफावत निर्माण झाली. कॅलिफोर्नियात १९७९ पासून अंमलात आलेल्या कायद्याने विद्यापीठीय कर्मचाऱ्यांना सामूहिक सौद्याचा हक्क दिला. विस्कॉन्सिन राज्यात २००९ मध्ये विद्यापीठातील अध्यापक व शैक्षणिक कर्मचाऱ्यांना दिलेला असाच हक्क २०११ च्या कायद्याने काढून घेण्यात आला. नॉर्थ कॅरोलायनात तर १९५९ च्या कायद्याने शासकीय संस्था व कामगार संघटना यांच्यातील कोणताही करार बेकायदेशीर ठरविला. त्याच वर्षी संमत झालेली शासकीय कर्मचाऱ्यांच्या संघटना-सदस्यत्वावरील बंदी संघीय न्यायालयाने १९६९ मध्ये घटनाबाह्य ठरविली. करारावरील बंदी मात्र टिकून राहिली. ती रद्द करण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संघटन-स्वातंत्र्य समितीने २००७ मध्ये केली, तरीही राज्य विधिमंडळाने ती उठविली नाही. [⟶ कामगार संघटना, सामूहिक सौदा].

नॉर्थ कॅरोलायनातील घडामोडी : चॅपेल हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ १७८९ मध्ये सनद मिळून १७९५ मध्ये सुरू झाले. तेथील सफाई कामगारांनी १९३० मध्ये आपली संघटना स्थापन केली होती. फेब्रुवारी १९६९ मध्ये लेनॉर सभागृहातील भोजनगृह कर्मचाऱ्यांनी, ज्यांत कृष्णवर्णीय स्त्रियांचा भरणा होता, काम बंद केले. अल्प वेतन, कामाच्या तासांचा न दिलेला मोबदला व पर्यवेक्षकांची वागणूक ही तक्रारींची मुख्य कारणे होती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या चळवळीने त्यांना पाठिंबा दिला. संप मिटताना ताशी किमान वेतन १·८० डॉलर करण्यात आले. पुढे भोजनगृहाचे काम खाजगी कंपनीकडे सोपविले गेले व त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा संप झाला. मिळालेला लाभ बंधनकारक कराराच्या अभावी किती अस्थिर असतो, याचा हा प्रारंभीचा अनुभव होय. १९९१ मध्ये सफाई कर्मचाऱ्यांनी वेतन व वागणुकीसंबंधी औपचारिक तक्रार दाखल केली. तिचा शेवट १९९६ च्या तडजोडीत झाला.

या पार्श्वभूमीवर १९९२ मध्ये चॅपेल हिल येथे ‘कर्मचारी मंच’ (एम्प्लॉयी फोरम) स्थापन झाला. विद्यापीठाच्या निरनिराळ्या विभागांतून कर्मचारी आपले प्रतिनिधी निवडून देतात. मंचाच्या नियमित बैठका होतात. तो ठराव करून ते विद्यापीठप्रमुखाकडे पाठवितो. २००६ मध्ये राज्यातील सर्व घटक विद्यापीठांसाठी ‘कर्मचारी सभा’ (स्टाफ असेंब्ली) निर्माण करण्यात आली. ती विद्यापीठसमूहाच्या अध्यक्षाला सल्ला देते. अंतिम सत्ता मात्र नियामक मंडळाकडे असते. या मंडळाचे सदस्य राज्याचे विधिमंडळ निवडते. २०१७ च्या कायद्याने त्यांची संख्या ३२ वरून टप्प्याटप्प्याने २४ करण्यात आली. मंडळात कर्मचाऱ्यांना मताधिकार नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातही परिस्थिती याहून फार वेगळी नाही. तेथील कर्मचारी सभांची मध्यवर्ती परिषद १९७५ पासून कार्य करीत आहे व २००५ पासून दोन कर्मचारी सल्लागार रीजंट मंडळाच्या कामकाजात भाग घेऊ लागले. परंतु मंडळातील विद्यार्थी सदस्याला असलेला मताधिकार या सल्लागारांना नाही.

अर्थसंकल्पीय ताण : राज्य विद्यापीठाच्या उत्पन्नाचे प्रमुख मार्ग म्हणजे राज्याचे अनुदान, विद्यार्थ्यांचे शुल्क, संशोधनासाठी मिळणारा निधी, देणग्या व रुग्णालये, वसतिगृहे यांसारख्या सेवांचे उत्पन्न. यांपैकी संशोधन निधी व पुष्कळशा देणग्या विशिष्ट कामासाठीच वापरता येतात. शुल्कवाढीला राजकीय मर्यादा असतात. साहजिकच राज्याचे अनुदान घटले की कपातीचा भार सर्वसाधारण खर्चावर पडतो आणि त्या खर्चाचा मोठा भाग वेतनाचा असतो. कायमपद मिळालेल्या प्राध्यापकांना सहजासहजी कमी करता येत नाही. यामुळे रिक्त पदे न भरणे, कार्यालये एकत्र करणे, कामे कंत्राटावर देणे व वेतनवाढ रोखणे हे उपाय प्रामुख्याने अध्यापकेतर वर्गाच्या वाट्याला येतात. पद रिक्त राहिले तरी त्या पदाचे काम संपत नाही. ते उरलेल्यांत वाटले जाते.

२००८ च्या आर्थिक मंदीनंतर हे सर्व उपाय दिसून आले. नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यपालांनी २००९ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचे वार्षिक वेतन ०·५ टक्क्याने कमी केले व त्याबदल्यात १० तासांची रजा दिली. त्याच वर्षी चॅपेल हिल विद्यापीठाच्या प्रशासनाची पाहणी बेन अँड कंपनी या सल्लागार संस्थेने केली. व्यवस्थापनाचे थर फार झाले असून निम्म्याहून अधिक पर्यवेक्षकांच्या हाताखाली तीन किंवा त्याहून कमी माणसे आहेत, असे तिला आढळले. २०११-१२ च्या अर्थसंकल्पात विद्यापीठसमूहाच्या राज्य अनुदानात सु. ४१·४ कोटी डॉलरची, म्हणजे सु. १५·६ टक्के कपात झाली. कर्मचारी मंचाला या निर्णयांवर चर्चा करता आली, माहिती मागता आली. निर्णय थांबविण्याचे वा त्याबदली काही मिळविण्याचे साधन मात्र त्याच्या हाती नव्हते.

कॅलिफोर्नियाचा त्याच वर्षीचा अनुभव तुलनेसाठी उद्‌बोधक आहे. जुलै २००९ मध्ये रीजंट मंडळाने वर्षभरासाठी बिनपगारी रजेची योजना मंजूर केली. वेतनमानानुसार वर्षाला ११ ते २६ दिवसांची रजा व ४ ते १० टक्के वेतनकपात, असे तिचे स्वरूप होते. अल्प वेतनाच्या कर्मचाऱ्यांवर कमी व उच्च वेतनाच्या अधिकाऱ्यांवर अधिक भार टाकणारी ही चढती श्रेणी होती. संघटनेच्या कक्षेबाहेरील कर्मचाऱ्यांना ती मंडळाच्या निर्णयाने लागू झाली. संघटनांनी प्रतिनिधित्व केलेल्या कर्मचाऱ्यांना मात्र ती वाटाघाटीशिवाय लागू करता येत नव्हती. एकाच संस्थेत, एकाच संकटात, सल्ला देण्याचा हक्क व करार करण्याचा हक्क यांतील फरक येथे स्पष्ट झाला.

कर्मचाऱ्यांची स्वयंसेवा : सल्लागार परिषदांच्या कार्याचा मोठा भाग स्वयंसेवेने व्यापलेला असतो. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती निधी उभारणे, गरजूंसाठी अन्न व वस्त्रे गोळा करणे, आपत्तिग्रस्त सहकाऱ्यांना मदत करणे, पदवीदान समारंभात साहाय्य करणे इ. कामे त्या करतात. नॉर्थ कॅरोलायनात पूर्णवेळ राज्य कर्मचाऱ्याला शाळा व समाजसेवी संस्था यांमध्ये स्वयंसेवा करण्यासाठी वर्षाला २४ तासांची पगारी रजा मिळते. न घेतलेली रजा पुढील वर्षात धरली जात नाही. चॅपेल हिल येथे २०१० मध्ये सुरू झालेली सामुदायिक बाग हे या कार्याचे एक बोलके उदाहरण होय. विद्यार्थी, कर्मचारी व नगरवासी तेथे स्वेच्छेने काम करतात व पिकलेला भाजीपाला विद्यापीठातील अल्पवेतनी, विशेषतः सफाई कर्मचाऱ्यांना विनामूल्य वाटतात. सहकाऱ्यांमधील आपुलकीचे हे चिन्ह आहे. त्याचबरोबर पूर्णवेळ काम करणाऱ्या माणसाला अशा भाजीची निकड का भासावी, हा प्रश्नही त्यातून उपस्थित होतो आणि त्याचे उत्तर वेतनश्रेणीत शोधावे लागते.

स्वयंसेवा व विनावेतन काम यांतील सीमारेषा संघीय कायद्याने आखलेली आहे. न्याय्य श्रममान अधिनियम (१९३८) हा राज्यसंस्थांच्या कर्मचाऱ्यांना लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये दिल्यानंतर त्याच वर्षी काँग्रेसने त्यात दुरुस्ती केली. तीनुसार शासकीय संस्थेचा कर्मचारी त्याच संस्थेसाठी स्वयंसेवा करू शकतो; मात्र ज्या प्रकारच्या कामासाठी त्याला नेमले आहे, त्याच प्रकारचे काम तो ‘स्वयंसेवा’ म्हणून करू शकत नाही. भोजनगृहातील आचाऱ्याने सुटीच्या दिवशी वाचनवर्गात शिकविणे ही स्वयंसेवा ठरेल; त्याने समारंभाचा स्वयंपाक विनावेतन करणे ही ठरणार नाही. आठवड्यात ४० तासांहून अधिक झालेल्या कामाबद्दल दीडपट वेतन किंवा शासकीय संस्थेत दीडपट बदली रजा देणे आवश्यक असते. अधिकारी व व्यावसायिक श्रेणींतील कर्मचाऱ्यांना हे संरक्षण नाही. परिणामी रिक्त पदांचे काम त्यांच्या संध्याकाळी व सुट्या व्यापते आणि त्याला संस्थानिष्ठेचे नाव मिळते.

मूल्यमापन : सल्लागार प्रतिनिधित्व निरर्थक आहे, असे म्हणता येत नाही. त्यामुळे विखुरलेल्या विभागांतील कर्मचारी एकमेकांना ओळखू लागतात, तक्रारींना वाट मिळते व सामान्य सफाई कामगाराला विद्यापीठप्रमुखासमोर बोलता येते. परंतु त्याचे मोल मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. कपातीचे आकडे निर्णयापूर्वी हाती येतात की नंतर, ही पहिली गोष्ट आणि सल्ला नाकारताना प्रशासनाला कारणे द्यावी लागतात की नाही, ही दुसरी. या दोन्ही नसतील, तर परिषद हळूहळू समारंभ, गौरवपदके व निधिसंकलन यांपुरती उरते. स्वयंसेवेच्या बाबतीतही हेच खरे आहे. ती नाकारण्याची मोकळीक असेल, तरच ती स्वेच्छेची राहते. आणि नकार देणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणारे प्रतिनिधित्व असेल, तरच ती मोकळीक खरी ठरते.

भारत व महाराष्ट्र : भारतात संघटना स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेला आहे. बंगलोर पाणीपुरवठा खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांचा ‘उद्योगा’च्या व्याख्येत समावेश केला व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना औद्योगिक विवाद अधिनियम (१९४७) याचा आधार मिळाला. गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात (१९८८) मात्र त्याच न्यायालयाने शिक्षक हा त्या अधिनियमाखाली ‘कामगार’ नव्हे, असे ठरविले. अमेरिकेत अध्यापकांचे स्थान विद्यापीठाच्या शासनात दृढ व कर्मचाऱ्यांचे दुबळे, तर येथे कामगार कायद्याचे संरक्षण शिक्षकेतरांना मिळाले व शिक्षक त्याबाहेर राहिले.

महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठे व संलग्न महाविद्यालये यांमधील शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींसाठी राज्य शासनाने १९८४ मध्ये प्रमाण संहिता नियम केले. वेतन अनुदान राज्याकडून येत असल्याने त्यांच्या संघटनांना वाटाघाटी विद्यापीठापेक्षा शासनाशीच कराव्या लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने अधिसभेत शिक्षक व नोंदणीकृत पदवीधर यांच्या प्रत्येकी १० निर्वाचित प्रतिनिधींची तरतूद केली. कर्मचाऱ्यांचे वेतनविषयक प्रश्न मात्र बहुधा सभागृहाबाहेरच लढविले गेले आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना, सातवा वेतन आयोग व रिक्त पदांची भरती या मागण्यांसाठी शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी प्रथम परीक्षाविषयक कामावर बहिष्कार टाकला व नंतर बेमुदत संप पुकारला. अनुदान, पदे व प्रतिनिधित्व हे तीन प्रश्न परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत, याचा प्रत्यय यातूनही येतो.